विंडोज ११ टाकलं आणि क्रोमची विंडो गायब? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या ठाण्यात घरोघरी जुन्या पीसीवर ११ चढवणं चालू आहे, कोणी स्वतःच अपडेटचं बटण दाबतं, कोणाचा भाचा ऐरोलीहून येऊन करून जातो. अपग्रेड तसं नीट होतं, फोटो, फायली सगळं जागच्या जागी असतं, आणि मग दुसऱ्या दिवशी फोन येतो की ब्राउझर चालत नाही. आता घरच्या पीसीवर ब्राउझर सोडून उघडतंय काय म्हणा, महावितरणचं बिल, बँक, पोरांच्या शाळेचं पोर्टल, दुपारचं यूट्यूब सगळं त्याच एका विंडोत, त्यामुळे बिघाड विंडोजचा असो नाहीतर टीव्हीच्या वायरीचा, बोंब ब्राउझरच्या नावानेच होते.

आणि मग लोक काय करतात, तर क्रोम काढून परत टाकतात. नाही जमलं तर सीपीयू उचलून दुकानात, तिथे फॉरमॅट मारून मिळतो. दोन्ही करू नका, निदान पहिल्या झटक्यात तरी नको. क्रोम अनइन्स्टॉल करताना "ब्राउझिंग डेटा पण डिलीट करा" ही टिक तुम्ही केली नाही (आणि करूही नका) तर तुमचं प्रोफाइलचं फोल्डर (म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज सगळं ठेवलेलं फोल्डर) तसंच्या तसं राहतं, आणि विंडो शेवटची कुठे होती, केवढी होती हे त्यातच लिहिलेलं असतं. नवीन क्रोम येतं, तेच जुनं फोल्डर वाचतं, प्रॉब्लेम तोच. फॉरमॅटचं तर अजून वाईट. क्रोममधे सेव्ह केलेले पासवर्ड तुमच्या विंडोजच्या अकाउंटला बांधून लॉक केलेले असतात, त्यामुळे फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं आणि फॉरमॅटनंतर परत टाकलं तरी पासवर्ड उघडत नाहीत. गूगलचं सिंक (म्हणजे हे सगळं गूगल अकाउंटमधेही साठवणं) चालू असेल तर वाचलात, नाहीतर बँकेपासून सगळीकडे "फरगॉट पासवर्ड" करत बसा.

माझ्या मते सगळा खेळ एक गोष्ट ओळखण्याचा आहे. विंडो उघडलीय पण हरवलीय, उघडलीय पण आत काही रंगत नाहीये, की मुळात उघडलीच नाहीये? तिन्ही वेळा माणूस एकच वाक्य बोलतो, "क्रोम उघडत नाही", पण तिन्हीचे इलाज वेगळे आणि एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही.

त्याआधी एकदा रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नाही बरं का, विंडोजमधे फास्ट स्टार्टअप नावाची भानगड बहुतेक मशीनवर चालू असते, त्यात शटडाउन केल्यावर विंडोज आतला भाग झोपवून ठेवतं आणि सकाळी तोच उठवतं, म्हणजे ड्रायव्हर (विंडोज आणि हार्डवेअरची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम) अडकला असेल तर अडकलेलाच उठतो. स्टार्टमधून रीस्टार्ट केलं की सगळं पहिल्यापासून लोड होतं. निम्मी बोलावणी इथेच संपतात.

नाही संपलं तर खालच्या पट्टीवर क्रोमच्या आयकॉनखाली बघा. छोटी रेघ आली का? आमच्या मजल्यावरच्या काकूंनी हे फार छान सांगितलं होतं, "अरे दाबलं की खाली रेघ येते नुसती, वर काहीच नाही." बस, रेघ आली म्हणजे विंडो आहे. माउस त्या आयकॉनवर नुसता धरून ठेवा, वर छोटं चित्र येतं. चित्रात पेज नीट दिसत असेल तर विंडो हरवलेली आहे. चित्र पांढरंफटक किंवा काळं असेल तर रंगत नाहीये. रेघच नसेल, किंवा येऊन लगेच जात असेल, तर उघडतच नाहीये. आणि एज उघडून बघा, ते विंडोजसोबत आलेलंच असतं, त्यातही तेच होत असेल तर क्रोमला शिव्या घालण्यात अर्थ नाही, गडबड विंडोजमधे किंवा ग्राफिक्समधे आहे.

हरवलेली विंडो

काकूंच्या घरी झालेलं काय, तर पीसीच्या मागून एक एचडीएमआय वायर हॉलमधल्या टीव्हीला गेलेली, नातवंडं आली की कार्टून लावायला. विंडोज १० मधे "दोन्हीकडे सेम दाखव" असं सेटिंग होतं, अपग्रेडनंतर ते "एक्स्टेंड" झालं आणि क्रोम बिचारं इमानेइतबारे टीव्हीवर उघडत होतं. टीव्ही बंद. टीव्ही रिमोटने बंद केला तरी पुष्कळ टीव्ही वायरीवरून "मी आहे" असं सांगतच राहतात, त्यामुळे विंडोजला वाटतं दुसरा स्क्रीन चालू आहे.

सगळ्यात सोपं, एचडीएमआयची ती वायर काढा. विंडोज सगळ्या विंडो उरलेल्या स्क्रीनवर ओढून आणतं. पण विंडोज ११ मधे मॉनिटर काढला की त्यावरच्या विंडो मिनिमाइझ करायचं एक सेटिंग आहे, त्यामुळे वायर काढल्यावर पण समोर काही येत नाही आणि माणूस म्हणतो छे, उपयोग नाही झाला. खाली आयकॉनवर एक क्लिक करा, येईल.

वायर मागे कपाटात गेलीय आणि हात पोचत नाही असं असेल तर विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबा, त्यातून "पीसी स्क्रीन ओन्ली" निवडा. किंवा आल्ट टॅबने क्रोमवर जा आणि विंडोज, शिफ्ट आणि डावा बाण एकदम दाबा, विंडो एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर उडी मारते.

टीव्हीबिव्ही काही नाही, एकच मॉनिटर आहे आणि तरी विंडो बाहेर गेलीय, असंही होतं, विशेषतः अपग्रेडमधे रेझोल्यूशन कमी झालं की. मग हे करा, जरा सावकाश. आल्ट टॅबने क्रोम पुढे आणा. आल्ट आणि स्पेस दाबा, एक छोटा मेनू येईल. त्यात "मूव्ह" फिकट दिसत असेल तर विंडो मॅक्सिमाइझ आहे, आधी "रीस्टोअर" करा आणि परत आल्ट स्पेस. मग "मूव्ह", आता कुठलाही एक बाण फक्त एकदा दाबा, आणि माउस हलवा. विंडो माउसला चिकटून येते, स्क्रीनच्या मधे आणून क्लिक करा की सुटली. बाण दाबायचं लोक विसरतात आणि तिथेच अडतं. काही मशीनवर आल्ट स्पेसला कोपायलट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस, उघडतो, तसं झालं तर कोपायलटच्या सेटिंग्जमधे जाऊन त्याचा तो शॉर्टकट बंद करायचा. एवढं सगळं नको असेल तर विंडोज आणि वरचा बाण, मॅक्सिमाइझ होऊन बऱ्याचदा समोर येते.

सापडल्यावर लगेच क्रोम नीट बंद करा आणि परत उघडा, म्हणजे नवीन जागा लिहिली जाते. बाकीच्या सगळ्या विंडो आधी बंद करून ही एकच शेवटी बंद केलेली बरी. फायरफॉक्सवाल्यांसाठी, तिथे विंडोची जागा प्रोफाइलच्या फोल्डरात एका वेगळ्या छोट्या फाइलमधे असते, नावात एक्स यू एल आणि पुढे स्टोअर असं असतं. फायरफॉक्स पूर्ण बंद करून ती फाइल डेस्कटॉपवर हलवली की विंडो डीफॉल्ट जागेवर उघडते, बुकमार्क, पासवर्ड कशालाच धक्का लागत नाही.

आणि टीव्ही लागणारच असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, तिथे मॉनिटरच्या चौकोनावर क्लिक करून "मेक धिस माय मेन डिस्प्ले" करा. खाली मल्टिपल डिस्प्लेजमधे "रिमेंबर विंडो लोकेशन्स" ची टिक असू द्या.

हरवल्यासारखाच अजून एक प्रकार, विंडो आहे पण वरची पट्टी नाही, टॅब नाहीत, फुली नाही. एफ ११ दाबा. लॅपटॉपवर एफएनसोबत दाबावं लागतं. फुलस्क्रीन झालेलं असतं, बाकी काही नाही. एफ ११ ने काही झालं नाही आणि तुम्ही जुना टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरताय तर टीव्ही कडा कापतोय, ते टीव्हीच्या रिमोटमधून ठीक करायचं, पिक्चर साइझमधे जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल असं काहीतरी कंपनीप्रमाणे नाव असतं.

उघडते पण काळी, पांढरी किंवा फडफडते

हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा आजार. ब्राउझर हल्ली पेज रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देतात, आणि अपग्रेडनंतर जुना ड्रायव्हर नवीन विंडोजशी जमवून घेत नसेल तर चिप काम घेते आणि काही देत नाही. नोटपॅड, कॅल्क्युलेटर व्यवस्थित दिसतात म्हणून लोकांना वाटतं क्रोमच खराब, पण त्यांना चिपचं एवढं काम लागतच नाही.

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी हे चारही एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळा होतो, एक बीप येतो, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेलं काम जात नाही, घाबरू नका. यानंतर पेज दिसलं तर आजाराचं नाव पक्कं झालं.

मग क्रोमच्या सेटिंग्जमधे सिस्टिममधे जाऊन "ग्राफिक्स ॲक्सिलरेशन" बंद करा आणि क्रोम रीलाँच करा, जुन्या व्हर्जनमधे ह्यालाच हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणायचे. एजमधेही सिस्टिमच्या सेटिंगमधेच आहे. फायरफॉक्समधे जनरलमधे खाली परफॉर्मन्स, तिथली रेकमेंडेडची टिक काढली की हार्डवेअरची टिक दिसते. बंद केल्यावर सगळं छान झालं तर लोक तिथेच थांबतात, आणि मला ते पटत नाही, कारण आता सगळा भार प्रोसेसरवर गेला, यूट्यूबला सीपीयूचा पंखा कोकलायला लागतो आणि मग "विंडोज ११ लय स्लो आहे" ही नवीन तक्रार. ते बंद करणं ही फक्त तपासणी आहे, इलाज ड्रायव्हर.

ड्रायव्हरसाठी स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडाप्टर्स. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर" असं लिहिलं असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, विंडोज तात्पुरत्यावर दिवस काढतंय. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, त्यात ड्रायव्हर अपडेट्स बघा, हे पान आपणहून कोणी उघडत नाही आणि ड्रायव्हर तिथेच वाट बघत पडलेला असतो. नसेल तर लॅपटॉप किंवा ब्रँडेड पीसीला त्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून मॉडेल नंबर टाकून घ्या, असेंबल केलेल्या मशीनला इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया ज्याची चिप असेल त्यांच्याकडून. "फुकट ड्रायव्हर अपडेटर" नावाची सॉफ्टवेअर्स सर्चमधे सगळ्यात वर जाहिरातीत येतात, त्यांच्या नादी लागू नका, ड्रायव्हर राहतो बाजूला आणि दहा गोष्टी चिकटतात. ड्रायव्हर बसला, रीस्टार्ट झाला की ॲक्सिलरेशन परत चालू करायचं.

मुळात उघडतच नाही

कंट्रोल शिफ्ट एस्केप, टास्क मॅनेजर. यादीत क्रोम दिसतंय का बघा, विंडो नसताना मागे दहा-बारा क्रोम बसलेले असू शकतात, वरच्या ग्रुपवर क्लिक करून एंड टास्क, मग परत उघडा.

तरी नाही? मग माझा पहिला संशय जुन्या अँटिव्हायरसवर. विंडोज १० च्या काळात घेतलेला, लायसन्स संपलेला, कोपऱ्यात लाल खूण दाखवत बसलेला. अँटिव्हायरस ब्राउझरच्या आत शिरून बसतात, आणि त्यांचं व्हर्जन जुनं असेल तर उघडता उघडताच ब्राउझर कोसळतो. तो अपडेट करा, लायसन्स संपलं असेल तर सरळ काढा, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप चालू होतं आणि घरच्या वापराला मला ते पुरेसं वाटतं.

ह्यानेही नाही झालं तर प्रोफाइल खराब झालंय का ते तपासायचं. फाइल एक्सप्लोररमधे व्ह्यू, शो, हिडन आयटम्स चालू करा. मग सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, गूगल, क्रोम, यूजर डेटा. त्यात "डीफॉल्ट" नावाचं फोल्डर आहे, क्रोम पूर्ण बंद असताना त्याचं नाव बदलून पुढे "जुनं" किंवा काहीही लावा. डिलीट नाही करायचं, नाव बदलायचं. क्रोम उघडलं तर कोरं करकरीत उघडेल, गूगल अकाउंटने साइन इन करून सिंक करा, बुकमार्क येतील. उघडलं नाहीच तर प्रोफाइलचा दोष नव्हता, नवीन झालेलं काढून जुन्याचं नाव पहिल्यासारखं करा, काही बिघडलं नाही. एजचं फोल्डर ह्याच लोकलमधे, मायक्रोसॉफ्टच्या आत. फायरफॉक्सला एवढी यातायात नको, शिफ्ट दाबून धरून आयकॉन दाबला की ट्रबलशूट मोडचं विचारतं, त्यात उघडलं तर एखादं एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडलेलं छोटं ॲप) आडवं आलंय.

बारीकसारीक

अक्षरं एकदम मोठी झाली आणि ओकेचं बटण स्क्रीनच्या खाली गेलं, तर डिस्प्लेमधे स्केल बघा. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या स्क्रीनवर १५० टक्के झालं की हे होतंच, १०० करा. रेझोल्यूशनला "रेकमेंडेड" लिहिलेलंच ठेवा, नाहीतर धूसर दिसतं. फक्त एकाच साइटवर मोठं दिसत असेल तर कंट्रोल आणि शून्य.

विंडो वर ओढली की पट्टी येते आणि अर्ध्या स्क्रीनला जाऊन चिकटते, ज्येष्ठ मंडळींना ह्याचा फार ताप होतो. सिस्टिम, मल्टिटास्किंग, स्नॅप विंडोज बंद. लिंक एजमधे उघडतायत तर ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, क्रोम, वर "सेट डीफॉल्ट".

मराठी साइटची अक्षरं वेगळीच दिसायला लागली तर तुमचा मंगल फाँट गेला असेल, तो आता विंडोजमधे आपोआप असतोच असं नाही. ऑप्शनल फीचर्समधे जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स टाका, नेट चालू हवं. आणि कीबोर्ड मराठीतून इंग्लिशला जात नसेल तर विंडोज आणि स्पेस.

"तुमचं घड्याळ मागे आहे" म्हणून बँकेची साइट अडवत असेल तर अपग्रेडचा संबंध कमी, जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा बटण सेल गेलेला असतो, लाइट गेली की तारीख पार मागे जाते. सीआर २०३२ नंबरचा सेल, घड्याळवाल्याकडे मिळतो. मशीन बंद, प्लग काढलेला, मगच बदलायचा.

एक मात्र गंभीर. स्क्रीनभर लाल विंडो, भोंगा वाजतोय, "तुमच्या कॉम्प्युटरमधे व्हायरस आहे, ह्या नंबरवर फोन करा". अपग्रेड नुकतंच झालेलं असतं म्हणून घरच्यांना खरं वाटतं. ते वेबपेज आहे. फोन करायचा नाही. एस्केप दाबून धरा, मग आल्ट एफ ४, नाहीतर टास्क मॅनेजरमधून एंड टास्क, आणि परत उघडताना "रीस्टोअर" म्हणायचं नाही. उजव्या कोपऱ्यात सारखे सारखे डबे येत असतील तर क्रोमच्या सेटिंग्जमधे प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे कधीतरी "अलाउ" केलेल्या अनोळखी साइट्स काढून टाका. फोन करून पैसे दिलेच असतील तर उशीर न करता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, कॉल.

सगळं करून झालं आणि काहीच जमत नाही, किंवा मशीन इतकं जुनं आहे की त्याला विंडोज ११ चा ड्रायव्हरच नाही (विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप नसताना काहीतरी जुगाड करून ११ टाकलेली मशीन बरीच आहेत), तर परत १० वर जाता येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. हे बटण अपग्रेडनंतर १० दिवसच चालतं. फायली राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम जातात. १० वर राहणाऱ्या घरच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने जास्तीच्या सिक्युरिटी अपडेटची योजना ठेवली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे कायमची सोय नाही, नवीन मशीन घेईपर्यंतची आहे. आणि त्या १० दिवसांत सी ड्राइव्ह लाल झालाय म्हणून टेम्पररी फाइल्समधे जाऊन "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन" वर टिक मारून डिलीट करू नका, परत जायचं सगळं सामान त्यातच असतं.